कोयता म्हणजे अवजार की माणसं? (चौदा ब्लँकेटांची गोष्ट)

नदीकाठचा
मी मूळचा ठाण्याचा, नोकरीच्या निमित्ताने गेली तीन वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या काठाला आहे. आमच्या घरामागच्या मोकळ्या रानात दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी येऊन उतरते, पाचटाच्या खोपी पडतात, चुली पेटतात आणि मार्च-एप्रिलात एका रात्रीत सगळं रिकामं होतं. यंदा थंडी जरा जास्तच होती म्हणून आम्ही कॉलनीतल्या चार जणांनी वर्गणी काढली आणि म्हटलं यांना ब्लँकेटं देऊ. मी मुकादमाला जाऊन विचारलं, तुमची माणसं किती? तो म्हणाला "चौदा कोयतं हायती." मला वाटलं चौदा कोयते आहेत म्हणजे चौदा माणसं, एका माणसाकडे एक कोयता, साधा हिशोब. चौदा ब्लँकेटं घेऊन रविवारी सकाळी गेलो तर समोर अठ्ठावीस माणसं उभी, शिवाय पोरं वेगळी!! मुकादम हसला आणि म्हणाला "सायेब, येक कोयता म्हंजी जोडी."
इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पण ते जाऊ दे, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अवजाराचं नाव माणसांना, तेही एकदम दोन माणसांना कसं लागलं? आणि मुळात कोयता हा शब्द आला कुठून? संस्कृत वाटत नाही, फारसी पण वाटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अडाणी_पंडित
सोपं आहे. आंब्याची कोय फोडायचं हत्यार म्हणून कोयता. :)

नदीकाठचा
अहो पंडित, कोय फोडायला कोयता कोण घेतं, आमच्याकडे दगडाने फोडायचे.

अडाणी_पंडित
म्हणूनच नावात अडाणी आहे.

सुपारीबाग
आमच्याकडे गुहागर-दापोली साईडला ऊस नाही पण कोयता घरोघरी. ऊसवाल्यांचा कोयता वेगळा असतो, पातळ पात्याचा, हलका, टोकाला थोडा वाकलेला. आमचा जड असतो आणि चोच चांगली वळलेली असते, नारळ सोलताना, शहाळं तासताना, फांदी ओढून तोडताना ती चोच लागते. कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधायची आणि त्यात कोयता अडकवायचा, म्हणजे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे. माझे आजोबा आकडी बांधल्याशिवाय घराबाहेरच पडत नसत, आजी म्हणायची धोतर विसरतील पण आकडी नाही विसरायचे.
आणि छाटणी म्हणाल तर कोकणात कोयत्याचं खरं काम कवळ तोडायचं. कवळ म्हणजे ऐन, किंजळ असल्या झाडांच्या पाल्यासकट बारीक फांद्या. त्या उन्हाळ्याच्या आधी तोडून सुकवायच्या, शेण-पाला-पाचोळा-माती असे थर देऊन रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि जाळायच्या. हा राब. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप जोमाने येतं आणि तण कमी होतं. झाड तोडायचं नसतं हां, फक्त छाटायचं, परत दोन-तीन वर्षांनी तेच झाड फुटतं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात याच कवळावरून एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला, फॉरेस्ट कमिशन म्हणून. म्हणजे कोयता पार मुंबई सरकारच्या फायलीत जाऊन आलाय.
पण आमच्याकडे माणसाला कोयता म्हणत नाहीत, हे नवीनच कळलं.

ती_सोलापूरची
शब्दाबद्दल मी सांगते, कारण माझी मातृभाषा तेलुगू (सोलापूरच्या पद्मशाली घरात वाढले, बाहेर मराठी आत तेलुगू). आमच्यात कापणे म्हणजे कोयडम्. भाजी चिरणे पण कोयडम्, फुलं तोडणे पण कोयडम्. कापणीला म्हणतात कोत. वरि कोत म्हणजे भाताची कापणी. आणि गंमत म्हणजे लोडशेडिंगला पण करंट कोत! म्हणजे वीज "कापली". लहानपणी लाईट गेली की आजी ओरडायची कोत, कोत, आणि आम्हाला वाटायचं ही कुणाला कापायला निघालीय.
त्यामुळे कोयता हा शब्द मला कधी परका वाटलाच नाही, मराठीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं आमचाच आहे.

बेळगावी_कुंदा
+१ ताई. कन्नडमध्ये पण कोय् म्हणजे कापणे, खुडणे. सुगीला कोय्लु म्हणतात. हा शब्द वरून खाली नाही, खालून वर आलाय.

निळी_छत्री
मल्याळम पण जोडा यादीत. माझा ऑफिसमधला कलीग त्रिशूरचा आहे, त्याला आत्ता मुद्दाम विचारलं. त्यांच्यात भाताच्या कापणीला कोय्त्त् म्हणतात आणि हार्वेस्टर मशीनला कोय्त्तुयंत्रम्. मी म्हटलं आमच्याकडे कोयता म्हणजे विळ्यासारखं हत्यार तर तो म्हणाला छान, तुम्ही क्रियेचं नाव घेतलंत आणि हत्याराला चिकटवलंत. तमिळमध्ये पण कोय् म्हणजे खुडणे असं म्हणाला.

नदीकाठचा
वा! म्हणजे चारही दक्षिणी भाषांत आहे. मग पक्कं म्हणायचं?

व्याकरणाचा_वैरी
मला तरी पटतं. उलट बाजूने बघा. संस्कृतात या हत्याराला दात्र आणि लवित्र असे दोन चांगले शब्द आहेत, व्याकरणाच्या पुस्तकातलं ठरलेलं उदाहरणच आहे, दात्रेण लुनाति, विळ्याने कापतो. पण मराठी शेतकऱ्याच्या तोंडात ना दात्र राहिलं ना लवित्र. बाकीची हत्यारं बघा, कुऱ्हाड कुठारपासून, कात्री कर्तरीपासून, खुरपं क्षुरप्रपासून, सगळ्यांचं गोत्र नीट लागतं. (क्षुरप्र म्हणजे संस्कृतात एक प्रकारचा बाण होता, वस्तऱ्यासारख्या धारेचा. युद्धातला बाण गवत काढायला आला, याला म्हणतात निवृत्ती.) कोयत्याचं मात्र संस्कृतात कुठे गोत्र लागत नाही आणि दक्षिणेत मात्र आख्खं खानदान सापडतं. आणि शब्द जुना आहे, मोल्सवर्थच्या कोशात आहे, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. म्हणजे साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून.
विळी पण संशयित आहे बरं का. कन्नडमध्ये पाटावरच्या विळीला ईळिगे म्हणतात. आणि आपल्या खेड्यात विळ्याला इळा म्हणतातच की.

बेळगावी_कुंदा
ईळिगे मणे. मणे म्हणजे पाट. आमच्या आईचं आयुष्य त्या पाटावर गेलं.

अडाणी_पंडित
म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात पण कानडीचं राज्य. करनाटकु तो विठ्ठलु, विळीसुद्धा त्याचीच.

द्राक्षबागाईत
जरा आमच्या धंद्यातलं सांगतो, अवांतर वाटलं तर माफ करा. दिंडोरी तालुका, नाशिक. आमच्याकडे छाटणी म्हणजे वर्षाचे दोन सण. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. खरडला काड्या पार ओलांड्यापर्यंत (वेलीच्या कायमच्या जाड फांदीपर्यंत) खरडून काढायच्या, म्हणजे नवीन काडी तयार होते, आणि गोडीला त्या काडीवर मोजून डोळे ठेवायचे, त्यातून घड निघतो. गोडीत एक डोळा इकडचा तिकडे झाला की माल गेला. हे सगळं काम ज्या कात्रीने करतात तिला सगळे सिकेटर म्हणतात, काही जण शिकेटर. लहानपणी मला वाटायचं हे कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे. नंतर शेतकी कॉलेजात गेल्यावर कळलं की फ्रेंच शब्द आहे, लॅटिनमधल्या कापणे या धातूवरून. सेक्शन, सेक्टर सगळे त्याच घरातले.
आणि ती कात्री शोधणारा माणूस कोण तर फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा आरमार मंत्री, बर्त्रां द मोलव्हील! राज्यक्रांतीत पळून इंग्लंडला गेला, जीव वाचला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला ही दोन पात्यांची कात्री त्याच्या नावावर लागली. त्याच्या आधी फ्रान्समध्ये वेली एका छोट्या वाकड्या चाकूने छाटत, सेर्पेत म्हणतात त्याला. म्हणजे फ्रेंचांची कोयतीच म्हणा ना. राजाचं डोकं कापलं गेलं आणि त्याच्या मंत्र्याने कापायचं यंत्र काढलं, आता हसावं का रडावं.
बागेतली दुसरी फ्रेंच चीज म्हणजे बोर्डो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. बोर्डो हे फ्रान्समधलं गाव. तिथल्या बागाईतदारांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फवारला तो चोरांनी घड खाऊ नयेत म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ ला त्याने छापलं. आमचे गडी सिकेटरने छाटतात आणि जाड काडीच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात, दोन्ही शब्द अगदी आपले असल्यासारखे बोलतात, फ्रान्स कुठे आहे कुणाला पडलंय.

परदेशस्थ_मावशी
आमच्या इथे लाल मुठीचं फेल्को मिळतं, स्विस. १९४५ पासूनची कंपनी आहे. गुलाब छाटायला एक घेतलं, किंमत ऐकून नवरा म्हणाला यात सोनं कुठे आहे ते दाखव.

नदीकाठचा
बागाईत दादा, तुमच्याकडे "दहा सिकेटर आले" असं म्हणतात का? म्हणजे माणसांना?

द्राक्षबागाईत
नाही म्हणत. विचार करायला लावलंत. आमच्याकडे पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात, आदिवासी मंडळी, छाटणीचं काम एकरावर उक्तं ठरतं. मग किती माणसं येतात त्याला मालकाला फार घेणंदेणं नसतं, एकर झाला की पैसे. आम्ही "माणसं" किंवा "टोळी" एवढंच म्हणतो. सिकेटर पण बऱ्याचदा मालकाचंच असतं. कदाचित म्हणूनच अवजाराचं नाव माणसाला लागलं नसावं.

सुपारीबाग
गोव्यात बघा, माडावर चढणाऱ्यांची नावं अवजारावरून नाहीत. नारळ पाडतो तो पाडेली, हे कामावरून. आणि माडी काढतो तो रेंदेर, हा तर पोर्तुगीज शब्द, रेंदैरो, म्हणजे खंडाने घेणारा, कूळ. मालकाला माडामागे खंड द्यायचा म्हणून. बिचारा रोज तीन वेळा माड चढतो, हातात काती घेऊन पोगी (माडाचा न उमललेला फुलोरा) तासतो, आणि नाव मात्र त्याच्या भाड्याच्या करारावरून पडलं.

व्याकरणाचा_वैरी
हे भारी आहे. म्हणजे माणसाचं नाव कशावरून पडतं ते बघितलं की पैसे कशावर मोजले जायचे ते कळतं.
मराठीत अवजाराने माणसं किंवा मालमत्ता मोजायची जुनीच रीत आहे. चार औतांचा शेतकरी. दहा मागांचा मालक. गावात दोनशे उंबरे. इथे औत म्हणजे फक्त लाकूड नाही, त्याच्यामागचे बैल, गडी, जमीन सगळं आलं. कोयता त्यातलाच. फरक इतकाच की चार औतं ज्याची त्याला मान असतो आणि कोयता ज्याचा त्याला नसतो.

ती_सोलापूरची
माग म्हणालात म्हणून, आमच्या सोलापुरात पण विणणाऱ्याला "कितने लूम पे है" असंच विचारतात. माणूस लूमवर असतो, लूम माणसाकडे नसतो.

अडाणी_पंडित
पुण्यात कोयता म्हटलं की गँगच आठवते. मध्ये बातमी होती की कोयता विकत घ्यायला आधार कार्ड दाखवा. आमच्या सोसायटीच्या माळीकाकांची पंचाईत, ते म्हणाले मी काय गुंड दिसतो का, बोगनवेल छाटायचीय.

सुपारीबाग
हो ना, तीस वर्षं कोयता म्हटलं की शहाळं आठवायचं, आता मुलीला सांगितलं कोयता आण तर ती घाबरते.

खोडवा
बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज लिहितेय. आयडीवरून कळलं असेलच, खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणारा ऊस. बीड जिल्ह्यातली, आई-वडील दोघं ऊसतोडीला जायचे, मी सातवीपर्यंत निम्मं वर्ष गावात आजीकडे आणि निम्मं कारखान्यावर. आता पुण्यात नर्स आहे.
धागाकर्त्यांनी विचारलंय दोन माणसांना एक कोयता का. लोक सांगतात की नवरा तोडतो आणि बायको पाचट काढून मोळ्या बांधते, म्हणजे जोडीत कोयता एकच चालतो, म्हणून. ऐकायला बरोबर वाटतं. पण माझी आई पण तोडायची. वडिलांच्या बरोबरीने सरी धरायची. ऊस बुडातून, अगदी जमिनीलगत तोडावा लागतो कारण साखर खाली जास्त असते आणि बुडखा उंच राहिला तर कारखान्याचा माणूस आणि शेतकरी दोघं ओरडतात, खोडवा पण नीट फुटत नाही. मग शेंड्याचं वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आईच्या हातात तिचा स्वतःचा कोयता होता, वडिलांच्यापेक्षा थोडा लहान, मुठीला चिंधी गुंडाळलेली. म्हणजे रानात दोन कोयते आणि मुकादमाच्या वहीत एक.
उचल कोयत्यावर मिळते. म्हणजे हंगामाच्या आधी मुकादम जी रक्कम देतो ती. माणसावर नाही, कोयत्यावर. आणि ती वडिलांच्या हातात यायची. आईच्या हातात त्यातला रुपया आलेला मी बघितला नाही. एकटा माणूस असेल, बायको मेली किंवा आजारी किंवा लग्नच झालं नाही, तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम नाखूश, कारण काम निम्म्यापेक्षा कमी होतं. आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर लग्नं लागायची ती याच्यासाठी, गेटकेन लग्न म्हणतात गमतीने, पोरगा अर्धा कोयता राहू नये म्हणून. मुलगी पंधरा-सोळाची असली तरी.
आणि कोयता एक दिवस बसला की खाडा. खाड्याचा दंड. आई आजारी पडली तर खाडा आईचा लागत नाही, कोयत्याचा लागतो, म्हणजे वडील दिवसभर राबले तरी. २०१९ साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळे हळहळले, मी तेव्हा वॉर्डात होते, मला बातमी वाचून नवल वाटलं नाही. पाळीच्या चार दिवसांत चार खाडे पडतात एवढाच हिशोब होता कित्येकींचा.
राग म्हणून लिहीत नाहीये. तुमच्या चर्चेत शब्द दक्षिणेतून आला वगैरे वाचून छान वाटलं, आईला फोनवर सांगितलं की कोयता तेलुगू आहे, तर ती म्हणाली असंल, कर्नाटकातल्या कारखान्यावर बी त्येच म्हणत्यात.

नदीकाठचा
ताई, काय बोलू. मी ब्लँकेटांची गंमत म्हणून धागा काढला होता.

खोडवा
नाही हो, चांगला काढलात. चौदा तर चौदा, कुणी विचारतं तरी का.

व्याकरणाचा_वैरी
खोडवा ताई, आभार. मी वर जे मोठ्या तोऱ्यात लिहिलं त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. एक विचारतो, मुकादम स्वतःला काय म्हणवतो? म्हणजे तो कोयत्यात धरला जातो का?

खोडवा
मुकादम कोयत्यात नसतो. त्याचं कमिशन वेगळं असतं, टनावर.

व्याकरणाचा_वैरी
अपेक्षित होतं. मुकादम अरबी, मुकद्दम, पुढे केलेला, पुढचा. कामगाराला हत्याराचं नाव आणि त्याच्या पुढाऱ्याला अरबी पदवी.

पाथर्डीकर७
मी पण टोळीवाल्यांच्या गावचा. थोडी भर. कोयता हे एकच माप नाही. बैलगाडीवाले असतात, त्यांना टायरवाले म्हणतात, गाडीला ट्रकचे टायर असतात म्हणून, तिथे मोजणी गाडीवर. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या असतात तिथे कोयत्यावर. आणि डोकी सेंटर म्हणतात ते वेगळं, डोक्यावरून मोळ्या वाहणारे. म्हणजे टायर, कोयता, डोकं. ज्याच्याकडे जे आहे त्याने मोजतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं डोकं.
एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. मागे संप झाला, जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ मिळाली. संपाला पण "कोयता बंद" म्हणतात. कोयता खाली ठेवला म्हणजे संप.

बेळगावी_कुंदा
आणि आता हार्वेस्टर आले ते?

पाथर्डीकर७
आलेत की. कोल्हापूर, सांगली, सोलापूर सगळीकडे दिसतात. पण मशीनला सरी रुंद लागते, रान सपाट लागतं, तुकड्याच्या शेतात वळता येत नाही. आणि ऊस तुकडे होऊन पडतो, वाढं नीट मिळत नाही, जनावरवाले वैतागतात. त्यामुळे अजून कोयता आहे. किती वर्षं ते बघायचं.

निळी_छत्री
केरळात मशीनला कोय्त्तुयंत्रम् म्हणतात, आपण त्याला हार्वेस्टर. मशीनमध्ये सुद्धा आपण कोयत्याला घेतलं नाही.

अडाणी_पंडित
जरा हलकं घेऊ का? विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात, कोयत्याउसाचं का नाही म्हणत?

सुपारीबाग
कारण भोपळा बोलत नाही आणि ऊस गोड असतो. :)

द्राक्षबागाईत
कोयत्याची धार कशी ठेवतात टोळीवाले? आमच्या सिकेटरला स्प्रिंग गेली की संपलं, पात्याला दगड लावून भागतं.

खोडवा
कानस. प्रत्येकाच्या खिशात कानस. रोज सकाळी थंडीत सगळ्यांचे कोयते घासायचा आवाज यायचा, किर्र किर्र, त्यानेच जाग यायची. हंगामाच्या आधी मात्र लोहाराकडून पाजवून आणायचे, भात्यात लाल करून, ठोकून, पाणी देऊन. आई तिचा कोयता कुणाला पाजवायला देताना "पातळ करू नको" एवढं सांगायची. पात पातळ झाली की ऊसात अडकते.

सुपारीबाग
पाजवणे!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे पण तोच. कोयत्याला पाणी पाजायचं म्हणून पाजवणे असं मी समजत आलोय.

व्याकरणाचा_वैरी
त्याचा वेगळा धागा काढा हो. पाजवणे, शेवटणे, निसणे... तिथे भांडू.

परदेशस्थ_मावशी
मला एक शंका. गावाकडे बाईला कोयती म्हणतात का मग? म्हणजे नवरा कोयता बायको कोयती?

खोडवा
नाही मावशी. कोयती म्हणजे लहान कोयता, हत्यारच. बाईला वेगळा शब्द नाही.

पाथर्डीकर७
खरंय, नाही.

नदीकाठचा
अपडेट देतो, परवा उरलेली ब्लँकेटं द्यायला गेलो. या वेळी शहाणा होऊन मुकादमाला नीट विचारलं की कोयते सांगू नका, माणसं सांगा. त्याने बोटं मोजायला सुरवात केली आणि मध्येच थांबला, म्हणाला "आता कसं सांगू, मी कोयत्यातच मोजतो." मग आम्ही दोघं खोपीखोपीतून फिरलो. तर चौदा कोयत्यांत तेरा जोड्या आणि दोन अर्धे होते, एक म्हातारबा एकटे आणि एक पोरगा, त्याची बायको बाळंतपणाला गावी राहिलीय. म्हणजे माणसं अठ्ठावीसच, माझा आकडा बरोबर आला. पण पोरं मी धरलीच नव्हती. नऊ आहेत, सगळ्यात लहान आठ महिन्यांचं, पाचटाच्या झोळीत. एक बाई म्हणाली "त्येंचं राहू द्या, आमच्यात झोपत्यात." तरी शनिवारी गडहिंग्लजच्या बाजारातून नऊ लहान घेऊन येतोय, कुणाला त्या बाजूला स्वस्त दुकान माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.